अखंड दृश्य आणि खंडित साक्ष : 'सी.आय.डी.'मधील एका भागाचे रूप

दूरदर्शन मालिकांकडे मराठी समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. पोलीस-मालिका तर 'रंजनपर' या एका विशेषणात निकालात काढली जाते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या वाट्याला जी उपेक्षा आली, तीच पुढे या मालिकांच्या वाट्याला आली. परंतु ज्या रूपबंधाने दोन पिढ्यांच्या मनात गुन्हा, पुरावा आणि न्याय यांच्या प्रतिमा घडविल्या, त्याची चिकित्सा टाळणे म्हणजे सामाजिक जाणिवेचा एक मोठा प्रदेश अभ्यासाबाहेर ठेवणे होय. या दृष्टीने 'सी.आय.डी.' मालिकेचा ७ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसारित झालेला 'द इनहेरिटन्स', म्हणजेच 'वारसा', हा भाग विचारात घेण्याजोगा आहे.

बी. पी. सिंग यांनी मुंबई दूरदर्शनसाठी 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली होती. शिवाजी साटम तिच्यातही पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत होते. हीच जोडी जानेवारी १९९८ पासून 'सी.आय.डी.'मध्ये दिसू लागली. ती मालिका २०१८ मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिचा उपर्युक्त भाग १११ मिनिटांचा असून तो एकाही छेदाशिवाय, सलग एकाच दृश्यात चित्रित झाला. त्याची नोंद गिनीज आणि लिम्का या दोन्ही विक्रमग्रंथांनी घेतली. विक्रमाच्या कौतुकात मूळ प्रश्न मात्र मागे पडला. छेद नाकारल्याने रहस्यकथेच्या आकृतिबंधाचे काय होते, हा तो प्रश्न होय.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी रहस्यकथेत दोन कथा एकत्र नांदतात, असे प्रतिपादन केले आहे. एक घडून गेलेल्या गुन्ह्याची, दुसरी वर्तमानात चाललेल्या तपासाची. पहिली अनुपस्थित असते. दुसरी तिला उपस्थित करते. पोलीस-मालिकेत हे कार्य प्रामुख्याने संकलन पार पाडते. गुन्हेगार कबुली देऊ लागतो, दृश्य तुटते, आणि प्रेक्षक गतघटना 'प्रत्यक्ष' पाहतो. जे केवळ आरोपीचे कथन होते, त्याला त्या क्षणी वस्तुस्थितीचा दर्जा प्राप्त होतो. छेद हे येथे निव्वळ तंत्र नाही. ते पोलिसी सत्यावर उमटणारे प्रमाणतेचे शिक्कामोर्तब आहे.

सलग दृश्यात भूतकाळात शिरण्याची ही सोय उरत नाही. जे घडून गेले ते आता कोणीतरी सांगावे लागते आणि कोणीतरी ऐकावे लागते. अर्थात साक्ष ही पुन्हा साक्षच राहते. तिला प्रतिमेचा आयता आधार मिळत नाही. या भागाचे रूपगत महत्त्व येथे आहे. आंद्रे बाझाँ यांनी दीर्घ दृश्याला वास्तवाच्या अखंडतेशी इमान राखणारे मानले होते. हिचकॉकचा 'रोप' (१९४८) आणि सोकुरोव्हचा 'रशियन आर्क' (२००२) यांच्या परंपरेत हा भाग ठेवण्याचा मोह त्यामुळे होतो.

तथापि याच ठिकाणी एक विसंगती उद्भवते. ज्या अखंडतेमुळे साक्ष अनिश्चित व्हावी, तीच अखंडता काळाविषयी एक मोठा भ्रम निर्माण करते. प्रेक्षकाच्या घड्याळातील १११ मिनिटे आणि तपासाची १११ मिनिटे एकच ठरतात. न्याय येतो, शोध घेतो आणि कार्य पूर्ण करतो, तेही डोळ्यांदेखत. नेहमीच्या भागातील छेद निदान एवढे सुचवितो की, मधे काही काळ गेला असावा. येथे तीही फट बुजते. वास्तवदर्शी तंत्र अशा रीतीने इच्छापूर्तीच्या सेवेला जुंपले जाते.

'अर्धसत्य'शी (१९८३) तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या या पटकथेत गुन्हेगार कोण, हे रहस्यच नाही. रामा शेट्टी सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही त्याला हात लावता येत नाही, हे अनंत वेलणकरचे दुःख आहे. तेथे ज्ञान आणि न्याय यांच्यात दरी आहे. 'वारसा'सारख्या भागात ज्ञान म्हणजेच न्याय, असे गृहीत धरले जाते.

हे गृहीतक कोणाला परवडते, हा प्रश्न नांदेड-लातूरच्या भूमीवरून विचारला की वेगळा होतो. 'एक शून्य शून्य' या शीर्षकामागे दूरध्वनी असलेले शहर आहे. मराठवाड्यातील खेड्यात पोलीस व्यवस्थेचे पहिले दर्शन घडते ते पोलीस पाटलाच्या रूपाने. 'पोलीस' या शब्दाला येथे आणखी एक ऐतिहासिक वजन आहे. सप्टेंबर १९४८ ची हैदराबादवरील लष्करी मोहीम लोकांच्या तोंडी 'पोलीस अॅक्शन' म्हणूनच राहिली. या शब्दाने रझाकारांच्या जुलमातून झालेल्या सुटकेची आठवण जशी जागते, तशीच त्यानंतर मुस्लीम वस्त्यांवर कोसळलेल्या हिंसेचीही. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची गणना केली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तो अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. साक्ष घेतली गेली, पण ती ऐकविली गेली नाही.

नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये उसळलेल्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची जमावाने हत्या केली. अशा गुन्ह्यात 'कोणी केले?' हा रहस्यकथेचा प्रश्नच निरर्थक ठरतो. जमाव अनोळखी नसतो. तो गावच असतो. तेथे प्रश्न उरतो तो 'कोण सांगेल?' हा, आणि सांगितल्यानंतर 'गावात कसे राहील?' हा. मालिकेतील दया एका धक्क्यात दार तोडतो व सत्य आत सापडते. येथे सत्य दाराबाहेर, उघड्यावर असते. दारे बंद होतात ती साक्षीदारांची. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची गरज भासली, ती गुन्हेगार अज्ञात होते म्हणून नव्हे.

यावर असा आक्षेप संभवतो की, रंजनाच्या कलाकृतीकडून समाजशास्त्राची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तो अंशतः मान्य करावा लागेल. नांदेडचा वा उदगीरचा प्रेक्षक भाबडा नाही. पोलीस ठाण्याची पायरी कशी असते, हे त्याला पटकथाकारापेक्षा अधिक ठाऊक असते. तरीही तो ही मालिका आवडीने पाहतो, कारण हाक मारल्यावर कोणीतरी येईल ही अपेक्षा तिने जिवंत ठेवली आहे. ती अपेक्षा तुच्छ नाही. किंबहुना, व्यवस्थेवरील टीकेचे मूळही तीच असते. दोष अपेक्षेत नाही. ती १११ मिनिटांत पुरी झाल्याचे समाधान देऊन प्रेक्षकाला घरी पाठविण्यात आहे.

'वारसा' या शीर्षकातील अर्थही येथे मर्यादित होतो. संपत्तीचा वारसा कोणाला, हे शोधता येते; गप्प राहण्याचा वारसा मात्र सगळ्या गावाला मिळालेला असतो, आणि त्याचा तपास एका रात्रीत लागत नाही. या भागाने छेद नाकारून साक्षीला मध्यवर्ती स्थान देण्याची एक रूपगत शक्यता खुली केली, हे त्याचे श्रेय नि:संशय मोठे आहे. ती शक्यता मराठवाड्यासारख्या प्रदेशाच्या वास्तवात नेऊन तपासणारी मराठी पोलीस-मालिका घडवायची, तर तिला गुन्हेगाराच्या नावापासून आरंभ करावा लागेल. आणि तिचे सलग दृश्य तपासाचे नव्हे, तर न्यायालयाच्या ओसरीवर तारखेमागून तारीख बसून काढणाऱ्या साक्षीदाराचे असेल.