न्यूजग्रुप की मेलिंग लिस्ट? प्रश्नच थोडा चुकतोय

संशोधनात तुम्ही आर, पायथन, लिनक्स यांपैकी काहीतरी वापरणारच. ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, पण अडल्यावर विचारायचं कुठे? यावर ओपन सोर्सवाल्यांचा जुना वाद आहे: चर्चा न्यूजग्रुपवर करावी की मेलिंग लिस्टवर?

आधी फरक बघू. मेलिंग लिस्टवरचं प्रत्येक पत्र सभासदाच्या इनबॉक्समध्ये येऊन पडतं. न्यूजग्रुपचं पत्र सर्व्हरवर असतं, आपण तिथे जाऊन वाचायचं. एक म्हणजे दारात येणारा पोस्टमन, दुसरं गावातलं वाचनालय. न्यूजग्रुपवाले म्हणतात, इनबॉक्स तुंबत नाही. लिस्टवाले म्हणतात, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही आणि फालतू जाहिराती अडवता येतात. दोघांचंही खरं आहे. पण वाद सोयीपाशीच थांबतो, हे मला पटत नाही.

माझंच सांगतो. वाशिम जिल्ह्यातल्या सोयाबीनच्या आकडेवारीवर मी आरमधलं एलमर हे फंक्शन चालवलं, तर पी-व्हॅल्यूच येईना. व्हॉट्सॲप ग्रुपवर एका दादानं कारण समजावलं. पुढे माझा मोबाईल बदलला आणि ती चर्चा गेली. यंदा एका ज्युनिअरनं तेच विचारलं, तर मला नीट सांगता येईना!

उत्तर सापडलं आर-हेल्प या मेलिंग लिस्टवर. मे २००६ मध्ये एलमरचे कर्ते डग्लस बेट्स यांनी तिथे लिहिलं होतं, की पी-व्हॅल्यू मुद्दामच दिलेली नाही. असमतोल आकडेवारीत डिग्रीज ऑफ फ्रीडम किती धरायचे, याचं पक्कं गणित नाही. हे साधं पत्र आज शोधनिबंधांत संदर्भ म्हणून दिलं जातं.

आता न्यूजग्रुप घ्या. लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सची बातमी २५ ऑगस्ट १९९१ रोजी ‘कॉम्प.ओएस.मिनिक्स’वर दिली. मराठी माणसांचाही ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ होता. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सवर न्यूजग्रुपची नवीन पत्रं येत नाहीत, जुनी मात्र वाचता येतात. म्हणजे टिकलं ते कुणीतरी जपलं म्हणून, माध्यम अमुक होतं म्हणून नव्हे. लिनक्स कर्नलच्या संग्रहात तर तेच पत्र मेलनं, वेबवर किंवा न्यूजग्रुपसारखंही वाचता येतं. मग भांडण उरलं कुठे?

म्हणून कुठेही प्रश्न टाकण्याआधी तीन गोष्टी तपासा. सभासद न होता वाचता येतं का? प्रत्येक पत्राला स्वतःचा कायमचा पत्ता आहे का? सगळ्या संग्रहाची प्रत काढून ठेवता येते का? तिन्हींना ‘हो’ असेल, तर माध्यम कोणतंही चालेल. आणि व्हॉट्सॲपवर उत्तर मिळालंच, तर ते नीट लिहून उघड्यावर ठेवा. उद्या मानोऱ्याचा किंवा रिसोडचा एखादा विद्यार्थी तिथेच अडणार आहे, आणि त्याच्याकडे तुमचा नंबर नसेल.