गरिबीचा दाखला आणि एकवीस हजारांची अट

रोख मदतीच्या योजनांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गरज नसताना किती जणांनी पैसे घेतले? प्रश्न रास्त आहे. लाडकी बहीण योजनेत २०२५ च्या जुलैमध्ये २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे पैसे थांबवल्याचं सरकारनंच सांगितलं. त्यांत पुरुषही निघाले. पण गरज असून किती जण बाहेर राहिले, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आम्हाला आज त्याबद्दल बोलायचं आहे.

दोन योजना शेजारी ठेवून पाहू. संजय गांधी निराधार योजना १९८० ची. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी यांच्यासाठी. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये. दिव्यांगांना तेवढी ५० हजारांची सवलत. वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेतही २१ हजारच. लाडकी बहीण २०२४ ची. तिथं मर्यादा अडीच लाख, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. २०२४ मध्ये रक्कम मात्र सगळीकडे सारखी, महिना १,५००. म्हणजे जी बाई अधिक निराधार, तिच्यासाठी दार अधिक अरुंद!

आता हिशेब करा. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. ७१ दिवस काम केलं की २१,०८७ रुपये होतात. हमी तेव्हा शंभर दिवसांची होती. म्हणजे सरकारनं कबूल केलेलं काम पुरतं करणारं कुटुंब सरकारच्याच निराधार योजनेत बसत नाही. मग दाखल्यावर २१ हजारांच्या आतला आकडा आला तर तो खरा असेल का? देणाऱ्यालाही कळतं, घेणाऱ्यालाही. अट प्रामाणिकपणे पाळता येण्यासारखी नसली की हक्काची मेहेरबानी होते. ज्याची तहसीलमध्ये ओळख, त्याचं काम होतं.

वयाचं पाहा. लाडकी बहीण ६५ वर्षांपर्यंत. पुढं श्रावणबाळ. यावलची किंवा शिरपूरची एखादी मजूर बाई ६५ ची झाली, की काल अडीच लाखांच्या आत असलेली तीच बाई आज २१ हजारांच्या आत असावी लागते. एका वाढदिवसानं गरिबी कमी होते काय?

तिसरी गोष्ट ई-केवायसीची. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना पती किंवा वडिलांचं आधारही जोडायला सांगितलं. ज्यांना दोघंही नाहीत, त्यांना पुढं मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश देण्याची सोय झाली. पण नवऱ्यानं नुसतं टाकून दिलेल्या बाईनं कोणता कागद आणायचा? टाकून दिल्याचा दाखला कुठल्या कार्यालयात मिळतो? शिवाय मुदत आधी १८ नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर. हा ऊसतोडीचा हंगाम. चाळीसगाव-साक्रीकडची जी कुटुंबं तेव्हा फडावर असतात, त्यांना गावातली अंगणवाडी ताई कुठं गाठणार?

कुणी म्हणेल, तपासणीच करायची नाही का? जरूर करा. पण चूक दोन प्रकारची असते. नको त्याला पैसे गेले तर तिजोरीचे १,५०० जातात. हव्या त्याला मिळाले नाहीत तर एका घराचा महिन्याचा किराणा जातो. या दोन १,५०० ची किंमत सारखी नाही. न्यायाचा विचार करणाऱ्यानं दुसरी चूक आधी टाळली पाहिजे. आपल्याकडे मात्र निवडणुकीआधी पैसे पहिले, तपासणी नंतर. आणि निराधाराची तपासणी पहिली, पैसे नंतर.

म्हणून आमचं मागणं तीन ओळींचं आहे. २१ हजारांची अट काढा आणि निराधारांनाही रेशनकार्डावर घ्या. ६५ वर्षं पूर्ण होताच नाव आपोआप श्रावणबाळमध्ये जाऊ द्या. आणि कुणाचे पैसे बंद करायचे असतील तर आधी घरी जाऊन पाहा, ग्रामसभेत नाव वाचा, तिचं म्हणणं ऐका. गरिबी सिद्ध करण्याचं ओझं गरिबावर टाकायचं, तर निदान ते त्याला उचलता येईल एवढं तरी असावं.