चीन पाहिला, म्हणजे काय पाहिलं?

मंडळी, आज टीका करायची आहे, आणि सुरुवात आमच्यापासूनच केलेली बरी. आम्ही दहा दिवस चीन पाहून आलो आणि आल्याबरोबर एक लेख लिहिला. परवा तो पुन्हा वाचायला घेतला. पहिल्याच परिच्छेदात 'प्राचीन आणि आधुनिक यांचा मनोहर संगम' असे शब्द निघाले! लाज वाटली. कारण हेच वाक्य आपण जपान, तुर्कस्तान, दुबई कुठल्याही देशाला चिकटवू शकतो. (दुबईला तर लोक खरंच चिकटवतात.) संगम म्हटलं की दोन प्रवाह आपोआप येऊन मिळाले असं वाटतं. कोणी काय पाडलं, कोणाला उठवलं, हे विचारायची गरजच उरत नाही.

बीजिंगचंच घ्या. तिथे मेट्रोची दोन नंबरची लाइन जुन्या शहराभोवती गोल फिरते. स्टेशनांची नावं ऐका: श्वेनवूमन, फूछंगमन, शीचिमन, तुंगचिमन. 'मन' म्हणजे दरवाजा. आम्ही लेखात लिहिलं, नावं किती गोड! पण त्यातले बहुतेक दरवाजे आज जागेवर नाहीत. मिंग काळातली तटबंदी १९५० आणि ६०च्या दशकांत पाडली गेली आणि तिच्याच रेषेवर पुढे मेट्रो आणि रिंग रोड आले. म्हणजे ज्या गाडीच्या वेगाचं आम्ही कौतुक करत होतो, ती गाडी पाडलेल्या भिंतीच्या जागेवरून धावत होती. यात चीनला नावं ठेवण्यासारखं काही नाही बरं का. आपल्या चर्चगेटला तरी गेट कुठे आहे? मुंबईच्या किल्ल्याचा तट १८६०च्या दशकात गेला, नाव तेवढं लोकलच्या पाटीवर राहिलं.

फरक इतकाच, की बीजिंगमध्ये दुसरा रस्ता कागदावर मांडलेला होता. लियांग सिछंग हे वास्तुरचनेचे अभ्यासक. त्यांनी आणि छन झानश्यांग यांनी १९५० साली सुचवलं, की नवं सरकारी केंद्र जुन्या शहराच्या पश्चिमेला बाहेर बांधा, जुनं शहर तसंच राहू द्या. तटावर लोकांना फिरायला बाग करावी, अशीही लियांग यांची कल्पना होती. ऐकलं गेलं नाही. पुढे २०१२ साली लियांग आणि त्यांच्या पत्नी लिन हुएयिन ज्या घरात राहत, ते घरही पाडलं गेलं. उलट १९५७ साली पाडलेला युंगतिंगमन दरवाजा २००४च्या सुमारास नव्याने बांधला. आम्ही त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले आणि खाली लिहिलं, 'शतकांचा साक्षीदार'. तो आमच्या जुन्या स्कूटरपेक्षाही लहान निघाला!

आता उलट बाजू. हुतुंग, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्या, नाहीशा होतात म्हणून पर्यटक हळहळतो. आम्हीही हळहळलो. पण एका चौकात चार-पाच कुटुंबं आणि गल्लीच्या टोकाला सार्वजनिक संडास, जानेवारीच्या थंडीत तिथे रोज कोण जाणार? आम्ही तर नाही. तिथून काही जण खुशीने नव्या इमारतीत गेले, काहींना मिळालेला मोबदला पुरला नाही आणि ते शहराच्या पार कडेला फेकले गेले. या दोन्ही माणसांशी आम्ही बोललो नाही. भाषा येत नव्हती हे खरं, पण वेळापत्रकात तशी जागाही नव्हती. तेव्हा आमची ती हळहळ फुकटची होती.

आणि एक गोष्ट जरा जास्त बोचते. बीजिंगहून शीआनला आम्ही बुलेट ट्रेनने गेलो, तिथली मातीची सेना बघायला. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना ती सापडली, हे लेखात अगदी रंगवून लिहिलंय. डब्यातल्या पाटीवर वेग ३००च्या पुढे गेला तेव्हा आमच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. वाटेत शीच्याच्वांग स्टेशन आलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, १९४२ साली ३२व्या वर्षी तिथेच गेले. त्यांची समाधी याच शहरात, हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. शांतारामबापूंचा सिनेमा आमच्यातल्या निम्म्यांनी तरी पाहिलेला. गाडी थांबली, दारं उघडली, मिटली. आम्ही त्या वेळी घरून नेलेली चकली वाटत होतो. लेखात ट्रेनवर दीड पान आहे, त्यात या स्टेशनचं नावही नाही.