भाकर, वावर आणि पेरणाऱ्याचा दाखला

दिग्रसच्या आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी प्रभूची प्रार्थना होत असे. त्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेली आहे. समोर परातीत ज्वारीची भाकर असायचीच, त्यामुळे हा शब्द धर्मग्रंथातला आहे हे मला पुष्कळ वर्षं जाणवलंच नाही. पुढे इंग्रजी बायबल वाचताना तिथे ‘ब्रेड’ दिसला, तेव्हा कळलं की कुणीतरी विचारपूर्वक आपल्यासाठी ‘भाकर’ निवडली होती. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे मी तेव्हापासून याच अंगाने पाहत आलो आहे. ग्रंथातला शब्द आपल्या घरात आला की त्याचं काय होतं? आणि घराने ग्रंथाला उलट काही विचारलं, तर ते ऐकून घेतलं जातं का?

‘भाकर’ ही निवड केवळ सोयीची नव्हती. पाच हजारांना जेवू घातल्याचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे. पण त्या भाकरी जवाच्या होत्या, हे फक्त योहान सांगतो. त्या देशात गहू खाणारे वेगळे आणि जव खाणारे वेगळे. जव हे गरिबाचं धान्य. आपल्याकडे पोळी आणि भाकर यांत जो फरक होता, तोच हा. त्यामुळे मराठी शब्दाने मूळ प्रसंगातली गरिबी जपली, जी ‘ब्रेड’ या शब्दात दिसत नाही. आज कापूस, सोयाबीन आणि तुरीने आमच्या भागातला ज्वारीचा पेरा मागे सारला. घरोघरी पोळी आली. प्रार्थनेत मात्र भाकरच राहिली.

ग्रंथ घरात आणण्याचे मोठे प्रयत्न मराठीत झाले आहेत. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. ख्रिस्ताची कथा पुराणासारखी ऐकता यावी, म्हणून त्याने ओवीची घडण घेतली. पंडिता रमाबाईंनी उलट वाट धरली. संस्कृतावरच्या प्रभुत्वामुळे ‘पंडिता’ ही पदवी मिळालेल्या या बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायकांना कळावं अशा भाषेत. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण प्रसिद्ध झालं. ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं कशी गेली हे ‘स्मृतिचित्रे’ सांगतं. तिथे धर्मांतराची चर्चा सिद्धान्तांतून येत नाही. ती सोवळं, पाणी आणि चूल यांतून येते. म्हणूनच मराठी ख्रिस्ती लेखनात मी त्या पुस्तकाला सर्वांत वरचं स्थान देतो. त्यात घर ग्रंथाला प्रश्न विचारतं आणि उत्तरासाठी थांबतं.

मात्र चुलीला जे मिळालं ते वावराला मिळालं नाही, असं मला वाटतं. पेरणाऱ्याच्या दाखल्याचंच उदाहरण घेतो. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही तो दिला आहे. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीत, काही काटेरी झुडपांत, काही चांगल्या जमिनीत. आमच्याकडे तिफणीने पेरतात, सरकी हाताने टोबतात; एकेक दाणा मोजून. मग वाटेवर बी सांडणारा हा पेरणारा कोण? हा प्रश्न माझ्या मोठ्या मामांनी विचारला होता. पॅलेस्टाईनमध्ये बी आधी फोकत आणि मग नांगर फिरवत, असं योआखिम येरेमियस या जर्मन अभ्यासकाने मांडलं. त्यावर इतरांनी आक्षेपही घेतले. म्हणजे मामांचा प्रश्न अडाणी नव्हता. अभ्यासकांनाही तोच पडला होता.

त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता, दुबार पेरणी झाली होती आणि बियाण्याची उधारी थकली होती. एका प्रार्थनासभेत बाहेरगावच्या उपदेशकांनी हाच दाखला घेतला. ज्याचं अंतःकरण खडकाळ, त्याचं पीक जळतं, असं त्यांनी सांगितलं. बोलण्याच्या ओघात सभेतल्या शेतकऱ्यांच्या जळालेल्या पिकाकडेही त्यांनी बोट दाखवलं. मामा उठून बाहेर आले. घरी आल्यावर म्हणाले, “माह्यं वावर बरड हाये, म्हून काय माह्यं मनबी बरड झालं?” पुढे बरेच महिने ते सभेला गेले नाहीत.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न कुणी सहज विचारत नाही. इथे पीक गेल्यानंतर माणसंही गेली आहेत.

दाखला आणि त्याचं स्पष्टीकरण हे दोन वेगळे भाग आहेत. मार्कच्या चौथ्या अध्यायात आधी गोष्ट येते, मग तिचा अर्थ. गोष्टीच्या मध्यभागी पेरणारा आहे; अर्थ सांगताना लक्ष जमिनीकडे जातं. हा अर्थ पहिल्या मंडळ्यांच्या शिकवणुकीतून आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. तरी तो शुभवर्तमानातच आहे, तो मला खोडायचा नाही. पण तो ऐकणाऱ्याने स्वतःला तपासावं म्हणून दिला आहे. दुसऱ्याचं जळालेलं वावर पाहून त्याच्या मनाचा निवाडा करण्यासाठी नव्हे. रूपक उलटं फिरवलं की उपदेशाचा आरोप होतो. ही चूक भाषेची आहे, आणि श्रद्धेचीही.

मामा गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी त्यांना मार्क वाचून दाखवला, फक्त गोष्ट, अर्थाशिवाय. ऐकून ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तो पेरनारा माह्यासारखाच दिसते. तीन जागी बी गेलं, तरी पेरते.”

या दाखल्यावर मी बरंच वाचलं आहे. वावरातून आलेलं इतकं नेमकं वाचन मला दुसरं आढळलं नाही. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.