व्हीएनसीचा साधेपणा आणि त्याची किंमत : अल्पव्ययी दूरस्थ डेस्कटॉपच्या संदर्भात

केंब्रिज येथील ऑलिव्हेटी व ओरॅकल संशोधन प्रयोगशाळेतील रिचर्डसन, स्टॅफर्ड-फ्रेझर, वुड आणि हॉपर यांनी १९९८ साली ‘आयट्रिपलई इंटरनेट कॉम्प्युटिंग’ या नियतकालिकात व्हीएनसीचा परिचय करून दिला. दूरच्या संगणकाचा पडदा हा केवळ रंगबिंदूंचा आयत मानावा आणि त्यातील बदललेला भाग तेवढा पाहणाऱ्याकडे पाठवावा, ही तिची मूलकल्पना होय. तिचे सामर्थ्य साधेपणात आहे असे सामान्यतः मानले जाते, व ते खरेही आहे. पाहणाऱ्याच्या यंत्राला काहीच लक्षात ठेवावे लागत नाही. जोडणी तुटली तरी अर्धवट लिहिलेले वाक्य पलीकडे जसेच्या तसे राहते. परंतु भाड्याच्या क्लाउड-यंत्रावर तुटपुंज्या खर्चात काम करणारा विद्यार्थी त्याच साधेपणाची जी किंमत मोजतो, तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

व्हीएनसीच्या आरएफबी या संकेतप्रणालीत (तिचे विवरण २०११ मध्ये आरएफसी ६१४३ म्हणून प्रसिद्ध झाले) पडद्यावरील बदल आपण होऊन येत नाही. पाहणाऱ्याने मागणी करावी आणि मग पलीकडून उत्तर यावे, असा क्रम आहे. मंद यंत्रावर बदलांचा लोंढा येऊ नये, या दृष्टीने ही व्यवस्था शहाणपणाचीच. आणि एकाच इमारतीतील जाळ्यावर तिचा जाच जाणवतही नाही. अंतर वाढले की मात्र गणित फिरते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेतील व्हर्जिनिया सुमारे १३,००० किलोमीटर; म्हणजे तंतू सरळ रेषेत टाकला असता तरी जाऊन येण्यास १३० मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्रतळावरील तंतू सरळ रेषेत जात नाहीत. मागणीगणिक एक उत्तर या नियमाने तेथून सेकंदाला ७-८ हून अधिक बदल येऊच शकत नाहीत.

अशा वेळी मिळणारा रूढ सल्ला एकच : कोअर वाढवा, रॅम वाढवा. भाडे दुप्पट होते. विलंब तसाच राहतो. कारण विलंब हा क्षमतेचा प्रश्न नव्हे, अंतराचा व क्रमाचा आहे. यंत्र जवळच्या केंद्रात घेणे हा त्यावरील पहिला उपाय. महाराष्ट्रातील वापरकर्त्याला मायक्रोसॉफ्टचे पुण्याचे केंद्र २०१५ पासून, तर ॲमेझॉनचे मुंबईचे केंद्र २०१६ पासून उपलब्ध आहे. दुसरा उपाय क्रम बदलण्याचा. टायगर-व्हीएनसीसारख्या उत्तरकालीन आवृत्तींनी, एकदा सांगितल्यावर बदल अखंड येत राहतील, अशी सोय जोडली; तिला वेगळे मोल पडत नाही. मात्र ती दोन्ही टोकांना हवी. एका टोकाला जुनी आवृत्ती असेल तर मूळचाच क्रम लागू होतो.

चित्राच्या भाराचा प्रश्न याहून वेगळा आहे. १९२० × १०८० बिंदूंचा पडदा प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरता सुमारे ८३ लाख बाइटांचा होतो. तो जसाच्या तसा पाठविणे अशक्यप्राय, म्हणून त्याचे संपीडन करावे लागते; आणि ते करतो प्रोसेसर. स्वस्त यंत्रांची खरी मेख येथेच आहे. ॲमेझॉनच्या टी२.मायक्रो या यंत्राला तासाला ६ श्रेयांक मिळतात व एक श्रेयांक म्हणजे पूर्ण गतीचे एक मिनिट. नेहमीच्या पद्धतीत साठा संपला की प्रोसेसर हळूहळू १० टक्क्यांवर येतो. सकाळी चपळ असणारा डेस्कटॉप दुपारी रेंगाळू लागतो तो यामुळे. दोष मात्र बिचाऱ्या रॅमला दिला जातो! शिवाय अशा यंत्रास चित्रप्रक्रियेचे स्वतंत्र साधन नसते. ग्नोममधील छाया आणि सरकत्या खिडक्या प्रोसेसरनेच रेखाटायच्या, त्यानेच संपीडित करायच्या, आणि पाहणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. त्याऐवजी एक्सएफसीई घेऊन त्यातील कंपोझिटर बंद ठेवावा. पार्श्वभूमी एकरंगी ठेवावी, कारण एकरंगी आयत काही थोड्या बाइटांत मावतो. सुरक्षिततेसाठी जोडणी एसएसएचमधून न्यावीच. पण तेथील संपीडन चालू ठेवणे म्हणजे आधीच दाबलेले पुन्हा दाबत बसणे होय.

१ जीबी रॅमवर ब्राउझर उघडून स्वॅपची डिस्कवर सतत ये-जा चालली असेल, तर रॅमवर पैसा खर्चणे अर्थातच इष्ट. परंतु त्यापूर्वी डिस्कचा प्रकारही तपासावा. ॲमेझॉनच्या जुन्या जीपी२ प्रकारात ३० जीबीच्या डिस्कला सेकंदाला १०० क्रियांचाच स्थायी आधार आहे, त्यावरील वेग तात्पुरता. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या जीपी३ प्रकारात आकार कितीही लहान असला तरी तो आधार ३,००० क्रियांचा आहे, आणि प्रत्येक जीबीमागे भाडे उलट कमी.