कौशल्यवृक्षातील निवड आणि तिचा अर्थ

जेथे दुसरा पर्याय संभवत नाही तेथे अर्थही संभवत नाही, हे भाषाविज्ञानातील एक मूलभूत तत्त्व होय. ‘मोठा वाडा’, ‘मोठी वाडी’, ‘मोठे घर’ या प्रयोगांत विशेषणाचा अंत्य स्वर नामाच्या लिंगाने ठरतो. वक्त्यास तेथे स्वातंत्र्य नसल्यामुळे त्या स्वरातून त्याचा कोणताही अभिप्राय प्रकट होत नाही. उलट ‘पत्र फाडले’ आणि ‘पत्र फाडून टाकले’ ही दोन्ही रूपे सारखीच शुद्ध असल्यामुळे त्यांपैकी एकाची निवड वक्त्याची वृत्ती सांगून जाते. ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांच्या परीक्षणात हे तत्त्व उपयोगी पडते. कारण खेळाडू आपले पात्र स्वतःच्या निवडीने घडवितो, असाच या खेळांचा दावा असतो. ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या संस्थेच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या इतिहासावरून हा दावा तपासता येतो.

नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या खेळात योद्धा, जादूगार इत्यादी प्रत्येक वर्गास तीन ‘टॅलेंट ट्री’, म्हणजे कौशल्यवृक्ष, होते. दहाव्या पातळीपासून प्रत्येक पातळीस एक गुण मिळे. साठाव्या, म्हणजे तत्कालीन अखेरच्या, पातळीपर्यंत असे ५१ गुण होत. ते तीन वृक्षांत वाटण्यास वरवर पाहता मोठीच मोकळीक होती. परंतु योद्ध्याच्या ‘फ्युरी’ वृक्षातील ‘क्रुएल्टी’ हे कौशल्य पाहावे. त्यात पाच गुण घालता येत व प्रत्येक गुणाने निर्णायक प्रहाराची शक्यता १ टक्क्याने वाढे. शत्रूवर अधिकाधिक आघात करणे हेच ज्याचे काम, त्या योद्ध्यास ते टाळण्याचे सबळ कारण नव्हते. येथील निवड ‘मोठा वाडा’ मधील अंत्य स्वरासारखी होती : रूपाने निवड, वस्तुतः सक्ती.

सर्व पर्याय एकाच मापाने मोजता येऊ लागले की निवडीचे गणित होते, आणि गणिताचे उत्तर एकदा निघाले की ते सर्वांचे होते. या खेळातील मोठ्या मोहिमा प्रारंभी चाळीस खेळाडूंच्या संघाने पार पाडावयाच्या असत. अशा संघात एकाचे उणेपण सर्वांस भोवते. म्हणून प्रमाण मांडणीपासून ढळलेला खेळाडू निराळा न ठरता अडाणी ठरे. प्रमाणभाषेबाहेरचे रूप अशुद्ध मानले जाते, तसेच हे. त्याच्या निवडीवरून एवढेच कळे की त्याने नियम पाठ केला आहे किंवा नाही. खेळाच्या मूळ दाव्यास तडा जातो तो येथे.

२०१२ च्या ‘मिस्ट्स ऑफ पँडारिया’ या आवृत्तीत निर्मात्यांनी वृक्ष काढून टाकले आणि दर पंधरा पातळ्यांस तीन पर्यायांपैकी एक, अशा सहा निवडी ठेवल्या. संख्या घटली म्हणून खेळाडूचे स्वातंत्र्य घटले, हा आक्षेप त्यावर घेतला गेला. तो टिकणारा नाही. ‘ड्रुइड’ वर्गास पंधराव्या पातळीवर नेहमीची थोडी अधिक गती, क्षणार्धात पुढे प्रकटण्याची शक्ती, अथवा धारण केलेल्या रूपानुसार झेप, यांतून एक घ्यावे लागे. सततची गती आणि प्रसंगीची झेप यांस समान माप नाही. त्यामुळे येथे खेळण्याची रीत प्रकट होई. मात्र त्याच आवृत्तीत जादूगारापुढे ठेवलेले तीन स्फोटक मंत्र हे मुख्यतः आघाताचेच तीन प्रकार होते; तेथे गणित पुन्हा शिरले.

तथापि निवडीस मोल येण्यासाठी तिचा परिणाम काही काळ टिकावा लागतो. आरंभीच्या रचनेत मांडणी मोडण्यास प्रथम १ सुवर्णनाणे, नंतर ५ आणि पुढे वाढत जाऊन कमाल ५० नाणी पडत. २००९ मध्ये १,००० नाण्यांत दोन मांडण्या बाळगण्याची सोय झाली. २०१२ पासून एकेक कौशल्य किरकोळ खर्चात बदलता येऊ लागले. प्रत्येक लढाईपूर्वी जी बदलावयाची, ती निवड पात्राचा स्वभाव राहत नाही; ती त्या वेळेची तयारी होते.

म्हणून बदल अशक्य करावा, असे मात्र म्हणता येत नाही. याच संस्थेच्या ‘डायब्लो २’ या २००० मधील खेळात २०१० पर्यंत झालेली निवड फिरविण्याची सोय नव्हती. अशा स्थितीत चुकीच्या भयाने नवखा खेळाडू परक्याचा नकाशा हाती धरणार, हे उघड आहे. यावरून असे दिसते की निवडीची किंमत स्वतः अर्थ निर्माण करीत नाही. पर्याय भिन्न जातीचे असतील तर किंमतीने बांधिलकी येते. ते एकाच मापाचे असतील तर त्याच किंमतीने आज्ञाधारकपणा दृढ होतो.

२०२२ च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ या आवृत्तीत वृक्ष परत आले : वर्गाच्या वृक्षास ३१ आणि विशेष शाखेच्या वृक्षास ३० गुण. प्रत्येक पातळीस काही हाती लागण्याचा आनंदही परतला, आणि तो क्षुल्लक नव्हे. परंतु त्याबरोबर संपूर्ण मांडणी अक्षरांच्या एका साखळीच्या रूपाने दुसऱ्याकडून उतरवून घेण्याची सोयही आली. दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे म्हणणारा बोलतो खरा. पण त्या बोलण्यात त्याची निवड एवढीच, की कोणाचे वाक्य म्हणावे. वृक्षाच्या फांद्या किती, हा प्रश्न म्हणूनच गौण ठरतो. दोन समर्थ खेळाडू एकाच जागी भिन्न निवड करून दोघेही योग्य ठरू शकतात काय, ही खरी कसोटी होय.