न पडलेल्या घराची गोष्ट

आम्हाला भूकंपाचे चित्रपट आवडतात, हे आधीच कबूल केलेले बरे. विज्ञान शिकलेला माणूस असे चित्रपट पाहताना शेजाऱ्याला एकेक चूक सांगून हैराण करतो, असा समज आहे आणि तो फारसा खोटा नाही. तरीही आम्ही ते पाहतोच. मध्यंतरी येथे, छत्रपती संभाजीनगरात, काही शिक्षकमित्र आणि अकरावी-बारावीची मुले यांच्यासोबत ‘सॅन अँड्रियास’ (२०१५) हा अमेरिकी चित्रपट पुन्हा पाहिला. तो संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, इतकी माणसे मरतात, तरी आपल्याला मजा कशी वाटते?” त्या वेळी आम्ही काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. नीट उत्तर द्यायचा हा प्रयत्न.

पहिली मजा शरीराची. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ हा चित्रपट आला, तेव्हा काही चित्रपटगृहांत मुद्दाम मोठे ध्वनिक्षेपक बसवले होते. त्यांतून इतक्या कमी कंप्रतेचा आवाज सोडत, की तो ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवे. प्रेक्षक घाबरे, पण छप्पर कोसळणार नाही याची त्याला खात्री असे. जत्रेतल्या पाळण्यात बसण्याची गंमत याहून वेगळी नसते.

दुसरी मजा अर्थ लागण्याची. यश चोप्रांचा ‘वक्त’ (१९६५) आठवा. बलराज साहनींनी रंगवलेला लाला केदारनाथ भविष्याचे बेत मोठ्या अभिमानाने सांगतो आणि थोड्याच वेळात भूकंप होऊन घर कोसळते, तिन्ही मुलांची ताटातूट होते. येथे भूकंप हा निसर्गाचा व्यापार राहत नाही, तो नियतीचा निकाल होतो. आपत्ती कितीही भयंकर असली, तरी तिला कारण मिळाले की मनाला बरे वाटते.

तिसरी मजा निवडक ओळखीची. ‘सॅन अँड्रियास’मध्ये एक शास्त्रज्ञ चुंबकीय स्पंदांवरून भूकंपाचे भाकीत करतो आणि बचावदलाचा एक वैमानिक आपल्या बायको-मुलीला वाचवतो. शहरे जमीनदोस्त होतात. पण आपली ओळख करून दिलेली असते ती चार-सहा माणसांशीच. बाकीचे मरतात ते गर्दी म्हणून. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच आहे.

आता चुका. चित्रपटात जमीन दुभंगून मोठी दरी पडते. प्रत्यक्षात सॅन अँड्रियास भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात. त्या घट्ट दाबलेल्या असतात म्हणून ताण साठतो आणि तो एकदम सुटला की भूकंप होतो. दोन्ही बाजूंमध्ये दरी असती, तर घर्षण कशाचे झाले असते? चित्रपटात भूकंपाची महत्ता ९.६ सांगितली आहे; या भ्रंशावर ती आठच्या थोडीफार पुढे जाऊ शकेल, असे जाणकार मानतात. आणि भूकंप कधी, कोठे, केवढा होईल हे आधी सांगणारी विश्वासार्ह पद्धत आजही कोणाकडे नाही. या चुका वर्गात अर्ध्या तासात सांगून होतात. आमची खरी तक्रार वेगळी आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही तेव्हाच्या औरंगाबादेत शाळेत शिकत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पुढचे काही दिवस आम्ही मुले घरोघरी फिरून कपडे आणि धान्य गोळा करत होतो. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्या भागाला लहान धक्के बसले होते. पण त्यांतून पुढचे भाकीत करता येण्यासारखे नव्हते. उलट, त्या वेळच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता. तो पट्टाच २००२ साली नकाशातून रद्द करण्यात आला.

या भूकंपाची महत्ता सुमारे ६.२ होती. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिज येथे ६.७ महत्तेचा भूकंप झाला. वेळ तीच, पहाटेची साडेचार. महत्ता अर्ध्या अंकाने वाढली की ऊर्जा साडेपाच पटींहून अधिक होते. तरीही तेथे मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या साठच्या आसपास होती. दोन्ही ठिकाणची भूरचना आणि वस्ती वेगळी, हे मान्य. पण फरकाचा मोठा भाग घरांचा होता. तेथील बहुतेक लोक लाकडी सांगाड्याच्या हलक्या घरांत झोपले होते. आपल्याकडे लोक झोपले होते ते मातीत रचलेल्या दगडी भिंतींमध्ये आणि माळवदाखाली. उन्हाची धग लागू नये म्हणून माळवदावर मातीचा जाड थर देतात, गळू नये म्हणून त्यात वरचेवर भर घालतात, आणि डोक्यावरचे वजन वाढत जाते. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नसले, तर धक्का बसताच दोन्ही थर सुटतात आणि भिंत पोट फुगून कोसळते. ज्या घरांचे माळवद लाकडी खांबांवर तोललेले होते, त्यांतल्या अनेकांच्या भिंती पडल्या, पण सांगाडा उभा राहिला. म्हणजे जमीन हलली सर्वांची. कोण जगले हे बऱ्याच अंशी घराने ठरवले.

चित्रपटाला नेमके हेच दाखवता येत नाही, ही आमची तक्रार. त्याचा खलनायक जमीन असते आणि नायक वैमानिक. ‘अर्थक्वेक’चा नायक तर बांधकाम अभियंता आहे, पण चित्रपट त्याला ढिगाऱ्यातून माणसे काढायला लावतो, कारण नीट बांधलेल्या इमारतीत पाहण्याजोगे काही घडत नाही. न पडलेल्या घराला कथा नसते. ‘सॅन अँड्रियास’मधला शास्त्रज्ञ लोकांना टेबलाखाली शिरायला सांगतो. हा चित्रपटातला सर्वांत खरा क्षण. पण त्या सूचनेमागे एक गृहीत आहे: इमारत उभी राहील. किल्लारीत ते गृहीतच कोसळले होते.

म्हणून हे चित्रपट पाहू नयेत का? अवश्य पाहावेत. मुलांनाही दाखवावेत, मजा घेऊ द्यावी. नंतर मात्र एक प्रयोग करावा. एका ताटात खडे आणि ओली माती यांच्या चार भिंतींची दोन छोटी घरे रचावीत. एकाच्या चारही भिंतींना, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून, सुतळी घट्ट गुंडाळावी. माती वाळली की दोन्ही घरांवर सारखे वजन ठेवून ताट हलवावे. कोणते घर आधी पडते ते मुलांनीच नोंदवावे. खऱ्या घरात सुतळीच्या जागी चारही भिंतींना बांधून ठेवणारा सलग काँक्रीटचा पट्टा असतो आणि भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड तिचे दोन थर धरून ठेवतात.

मग मुलांना घरी जाऊन आपल्या भिंती पाहायला सांगावे: दगड कशात रचले आहेत, वर माती किती आहे, पट्टा आहे की नाही. मराठवाड्यात दगडमातीची घरे आजही आहेत आणि त्यांत मुले झोपतात. चित्रपट संपल्यावर दिवे लागतात आणि आपण घरी जातो. ते घर कसे आहे, हे पाहण्याची सवय मुलांना लागली, तर चित्रपटाच्या तिकिटाचे पैसे वसूल झाले, असे आम्ही समजू.